बोरीकुंड फाटा

सलीलला फोटोत माती हवी होती. टॅबलेट हातात, मागे कपाशी, आणि हात राबणारा वाटला पाहिजे, असं त्याने पुण्याहून फोनवर सांगितलं. मधुवंती तेव्हा यवतमाळच्या घरी महालक्ष्म्यांचे मुखवटे मऊ कापडात गुंडाळून डब्यात ठेवत होती. टॅबलेट शेतकऱ्याकडे नसतो, आरोग्य केंद्रातल्या औषधांच्या खोलीत असतो, असं तिने त्याला समजावलं. तो म्हणाला, हैदराबादच्या हॉलमध्ये ते कोणाला कळणार आहे?

येत्या शनिवारी हैदराबादला प्रोग्रामर लोकांची मोठी कॉन्फरन्स होती आणि मधुवंती तिथे बोलणार होती. ती पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आर्किटेक्ट होती, सणासाठी घरी आली होती. कोणता भाग कुठे असावा, कोणी कोणाशी बोलावं, आणि बोलणं तुटलं तर प्रत्येकाने काय करावं, हे ठरवण्याचं तिचं काम. सलील तिचा सहकारी. दोघांनी मिळून हे भाषण तयार केलं होतं, आणि फोटो त्यासाठीच हवा होता.

मागच्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. बोंडअळी आवरत नव्हती, आणि भर उन्हात तोंडाच्या उंचीवर फवारा मारताना कितीतरी माणसांच्या अंगात विष भिनलं. त्यावर उतारा म्हणून ॲट्रोपिनचं इंजेक्शन देतात. ते एकदा देऊन भागत नाही. दर काही मिनिटांनी द्यावं लागतं आणि लहान केंद्रातला साठा बघता बघता संपतो. कुठल्या केंद्रात किती इंजेक्शनं आहेत हे सगळ्या केंद्रांना दिसावं, एवढीच एक यंत्रणा मधुवंतीच्या कंपनीने त्या भागाला फुकट करून दिली होती. आपल्या जिल्ह्याचं काम म्हणून तिने ते मागून घेतलं होतं.

काम दिसायला सोपं होतं, पण तिथे नेट दिवसातून थोडा वेळ येई, कधी दोन-दोन दिवस येत नसे. जोडणी तुटली की अशा विखुरलेल्या यंत्रणेपुढे दोनच मार्ग राहतात. जुनं का होईना, जवळ असेल ते उत्तर द्यायचं. नाहीतर गप्प राहायचं. उत्तर नेहमी मिळणं आणि ते नेहमी ताजं असणं, दोन्ही एकदम साधत नाही, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. मधुवंतीने उत्तर देण्याचा मार्ग घेतला होता. प्रत्येक केंद्राला दिलेला टॅबलेट आपला आकडा स्वतःजवळ ठेवी आणि नेट आलं की इतरांना कळवी. नेट नसलं तरी पडद्यावर आकडा दिसेच.

कॉन्फरन्स तिला आवडत असत, निदान सुरुवातीला आवडत असत. गार हॉल, गळ्यातले ओळखपत्रांचे पट्टे, चहाच्या रांगेत भेटणारी आपल्यासारखीच माणसं. व्यासपीठावर कोणीतरी चौकोन आणि बाण काढलेलं चित्र दाखवतो आणि मग आपली फजिती सांगतो: दिवाळीच्या सेलच्या दिवशी आमचा सर्व्हर कसा पडला, कोणाची ऑर्डर कोणाच्या घरी कशी गेली. हॉल हसतो. फजिती जितकी मोठी तितकं भाषण चांगलं. गेल्या एक-दोन वर्षांत तिला त्या हसण्याचा थकवा यायला लागला होता, पण त्याचं कारण तिने शोधलं नव्हतं.

फोटोसाठी तिने साखरडोहचं केंद्र निवडलं. धाकटा भाऊ क्षितिज वीज मंडळात होता. त्याने रजा टाकली आणि गाडी काढली.

"ताई, कपाशी तर मावशीच्या परसातही आहे," तो म्हणाला. "तिथेच काढ फोटो. हात मी देतो."

"तुझे हात खुर्चीवरचे आहेत."

"मग मातीत बुचकळतो ना."

राळेगावच्या बाजूने जाताना दोन्हीकडे कपाशी होती. पावसाने दडी मारली होती, ऊन चटके देत होतं, आणि शेतात पाठीवर पंप घेतलेली माणसं अधूनमधून दिसत होती. पानांच्या वर त्यांची डोकीच तेवढी दिसत.

साखरडोहच्या केंद्रात त्या दिवशी डॉक्टर तालुक्याला मीटिंगला गेले होते. सिस्टर हंसाबाई लसीकरणाचं सामान आवरत होत्या. औषधांच्या खोलीत विमलताई होत्या. पन्नाशीच्या, फार्मसीची पदविका घेतलेल्या, बारा गावांना ठाऊक असलेल्या. मधुवंतीशी त्या महिन्यातून एकदा तरी फोनवर बोलत, पण समोरासमोर ही पहिलीच भेट. चहा झाला. टॅबलेट हातात धरून विमलताई दारात उभ्या राहिल्या, फोटो निघाले, आणि त्यांनी विचारलं की साडी बदलून येऊ का, ही नुसती रोजची आहे.

फोटो पाहता पाहता मधुवंतीची नजर पडद्यावरच्या आकड्यावर गेली. साखरडोह: सदतीस. मागचं कपाट उघडंच होतं आणि ॲट्रोपिनच्या खोक्यात इंजेक्शनं जेमतेम खाली तळाला होती. तिने जवळ जाऊन पाहिलं. सात होती.

"विमलताई, इथे सदतीस दिसतात."

"बरोबर हाय. तीस बोरीकुंडले हायेत ना."

बोरीकुंड हे शेजारचं केंद्र. तिथला साठा मागच्या आठवड्यात संपत आला म्हणून त्यांनी फोन केला होता, आणि विमलताईंनी पुडकं बांधून देवीलाल कंडक्टरच्या हाती एसटीने पाठवलं होतं. असं नेहमीच चाले.

"मग ती तीस वजा नाही केली?"

विमलताईंनी तिच्याकडे जरा नवलाने पाहिलं. "वजा कायले करू? दिले थोडीच, उसने दिले. तुमची आई शेजारणीले वाटीभर साखर उसनी देते, तं साखर गेली म्हणते का? म्हणते, आपली वाटीभर साखर तिच्याकडे हाय."

"आणि बोरीकुंडने काय केलं असेल?"

"त्याइनं जमा केली असन. हातात आली तं जमा कराच लागते."

मधुवंतीने पडदा पुढे सरकवला. बोरीकुंड: चव्वेचाळीस. म्हणजे तीच तीस इंजेक्शनं दोन्हीकडे होती. तिने आणखी विचारलं तेव्हा कळलं की अशी देवाणघेवाण सगळ्याच केंद्रांत चालते. मागितलं तर नाही म्हणायचं नाही, आणि उसनं दिलेलं आपल्या खात्यातून काढायचं नाही. कोणी खोटं लिहीत नव्हतं. प्रत्येकाचा आकडा त्याच्या दृष्टीने खरा होता.

तिच्या भाषणात एक आलेख होता, तिचा सगळ्यात आवडता. सगळ्या केंद्रांच्या साठ्याची बेरीज, हंगाम सुरू झाल्यापासून जवळजवळ सपाट रेघ. साठा कधीच धोक्याच्या खाली गेला नाही, असं ती त्या वेळी म्हणणार होती. रेघ सपाट का होती ते आता तिला समजलं: वापरून जितकी कमी होत, तितकी उसनी दोनदा मोजली जात.

केंद्राच्या आवारात रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर मिळे. तिथे उभी राहून तिने सलीलला हे सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याचं म्हणणं एवढंच होतं की हा शिस्तीचा प्रश्न आहे, रचनेचा नाही. त्यांना एक दिवस ट्रेनिंग देऊ. आणि शनिवारच्या भाषणात याचा उल्लेख करायची गरज नाही, विषय भरकटेल. ती उत्तर द्यायच्या आतच एक मोटरसायकल आवारात शिरली.

चालवणारा साठीकडे झुकलेला माणूस होता. मागे एक तरुण बाई, आणि दोघांच्या मधे, मान टाकलेला, लाळ गळत असलेला एक जवान माणूस. बाईने त्याला ओढणीने स्वतःच्या पोटाशी बांधून आणलं होतं. म्हातारा मारोतराव. माणूस त्याचा मुलगा अक्षय. बाई अक्षयची बायको, समीक्षा. सकाळपासून अक्षय स्वतःच्या शेतात फवारा मारत होता. वारा उलटा होता. जेवायला बसला तर हातातला घास तोंडापर्यंत नेता येईना.

हंसाबाईंनी त्याला पलंगावर घेतलं, कपडे कापून काढले, बॅटरी लावून डोळे पाहिले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. छातीत पाणी उकळल्यासारखा आवाज येत होता. त्यांनी लागोपाठ दोन इंजेक्शनं दिली, आणि विमलताई टाकीवर धावल्या. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं ते त्यांनी वरून ओरडून सांगितलं नाही, पायऱ्या उतरून जवळ येऊन सांगितलं: दर थोड्या वेळाने देत राहा, आणि यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात न्या, ताबडतोब. ॲम्ब्युलन्स एका बाळंतिणीला घेऊन घाटंजीकडे गेली होती. क्षितिजने न विचारता गाडीचं मागचं दार उघडलं.

"राहिलेली यवतमाळपर्यंत पुरत नाहीत," हंसाबाई म्हणाल्या.

सगळ्यांना एकदम बोरीकुंड आठवलं. पण बोरीकुंड यवतमाळच्या रस्त्यावर नव्हतं. हमरस्त्यावर बोरीकुंड फाटा लागे, तिथून गाव बरंच आत. गाडी आत नेऊन परत फाट्यावर आणायची तर जो वेळ जाईल त्यात अक्षयचा श्वास टिकेल की नाही सांगता येत नव्हतं. तिथे इंजेक्शनं असतील तर जावंच लागेल. नसतील तर जाणं म्हणजे त्याला मारणं. बोरीकुंडला फोन लागत नव्हता.

समीक्षा खोलीच्या दारात उभी होती. तिने टॅबलेटकडे बोट केलं.

"ताई, त्याच्यात दिसते म्हन्तात. हायेत का तिथं?"

सगळे मधुवंतीकडे पाहू लागले. पडद्यावर चव्वेचाळीस होते, मोठ्या हिरव्या अक्षरांत. पहिल्या आवृत्तीत आकड्याखाली तो कधीचा आहे हे बारीक अक्षरात येत असे. पाहणाऱ्यांनी म्हटलं होतं, पडद्यावर फार गर्दी होते. म्हणून ते काढलं होतं. तिने आतलं पान उघडलं. बोरीकुंडचा टॅबलेट शेवटचा बोलला होता मागच्या गुरुवारी.

"हा आकडा गुरुवारचा आहे," ती म्हणाली. "आज तिथे किती आहेत, मला माहीत नाही."

"माहीत नाही म्हंजे?" मारोतराव म्हणाला. "तुमीच बनवलं ना हे?"

"मीच बनवलं. म्हणूनच सांगते."

"आपली तीस तं असतीनच," विमलताई म्हणाल्या. पण बोरीकुंडनेही ती पुढे कोणाला उसनी दिली असली तर? त्यांनीही वजा केली नसती. मधुवंतीला तो आकडा हातात धरवेना.

मग तिला सुचलं ते तिच्या धंद्यातलंच होतं. एका वाटेवर सगळं टाकायचं नाही. साखरडोहहून बोरीकुंडला शेतातून एक पांदण जात होती. गाडी तिथे रुतली असती, मोटरसायकल निघाली असती. मारोतरावने पांदणीने बोरीकुंडला जावं, विमलताईंचं नाव सांगून असतील तेवढी इंजेक्शनं घ्यावीत आणि पक्क्या रस्त्याने फाट्यावर यावं. गाडी अक्षयला घेऊन हमरस्त्याने फाट्यावर येईल. गाडी आत जाणार नाही, तिचा वेळ जाणार नाही. मिळाली तर वाटेतच मिळतील.

मारोतरावने एकदा मुलाकडे पाहिलं आणि मोटरसायकलला किक मारली.

"फाट्यावर भेटू," मधुवंती म्हणाली.

"हो," तो म्हणाला, आणि गेला.

गाडीत मागे अक्षय आडवा होता, डोकं समीक्षाच्या मांडीवर. हंसाबाई खाली, दोन सीटच्या मधे गुडघे टेकून बसल्या होत्या. पुढे मधुवंतीच्या हातात उरलेली इंजेक्शनं होती. हंसाबाईंनी हात पुढे केला की ती एक काढून देई. समीक्षा अक्षयशी बोलत होती, काहीबाही, शेळी व्याली, तुमच्या मामाचा फोन आलता, दिवाळीले जाऊ. तो उत्तर देत नव्हता, पण तिने मधे जागा सोडून त्याची उत्तरं आली असल्यासारखं बोलणं चालू ठेवलं.

फाटा आला. एक पत्र्याची शेड, एक चहाची टपरी, आत जाणारा डांबरी रस्ता. रस्ता रिकामा होता.

क्षितिजने गाडी थांबवली, इंजिन चालू ठेवलं. मधुवंती उतरून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. फोनला रेंज नव्हती. आतल्या रस्त्यावर ऊन थरथरत होतं आणि त्या थरथरीत काही आकार येतो असं दोनदा वाटलं. एकदा ती गाय होती.

किती वेळ वाट पाहायची, हा तिच्या कामातला रोजचा प्रश्न होता. तिकडून उत्तर येईना तर तिकडचा मेला की नुसता उशीर करतोय, हे इकडून कधीच कळत नाही. म्हणून प्रत्येक वाट पाहण्याला एक आकडा जोडावा लागतो. तेवढ्या वेळात उत्तर आलं नाही तर तो नाही असं धरून पुढे जायचं. असे आकडे तिने शेकड्यांनी लिहिले होते. बहुतेक जुन्या प्रोजेक्टमधून उचलून. आणि तो आकडा दोन्हीकडच्यांना माहीत असला पाहिजे, हे ती नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात शिकवत असे. मारोतरावला तिने कुठलाच आकडा सांगितला नव्हता. फाट्यावर भेटू, एवढंच म्हणाली होती.

हंसाबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला. तिने इंजेक्शन दिलं. मुठीत आता दोनच राहिली.

"मामाजी येतीनच," समीक्षा सासऱ्याबद्दल म्हणाली. "ते येतो म्हनले तं येतेतच. थोडं थांबा, ताई."

"सिस्टर?" मधुवंतीने विचारलं.

"मी नाही सांगू शकत," हंसाबाई म्हणाल्या. "छाती भरत चालली."

क्षितिज तिच्याकडे पाहत होता. ती गाडीत बसली. "चल," ती म्हणाली.

समीक्षाने मागे वळून काचेतून पाहिलं, फाटा दिसेनासा होईपर्यंत. त्यानंतर ती अक्षयशी बोलायची थांबली.

शेवटचं इंजेक्शन यवतमाळच्या बरंच अलीकडे संपलं. अक्षयच्या तोंडाशी फेस आला. हंसाबाईंनी तो पुसून मान कलती केली, रबरी पिशवीने श्वास द्यायला सुरुवात केली, आणि हात दुखले की समीक्षाला दाबायला शिकवलं. यवतमाळात शिरताना त्याचे ओठ निळे होते. मोठ्या दवाखान्यात त्याला लगेच आत घेतलं, नळी घातली, मशीन लावलं. बाहेर आलेल्या डॉक्टरने विचारलं, मधे इंजेक्शन किती वेळ बंद होतं? मधुवंतीने सांगितलं. त्याने ते लिहून घेतलं. मग म्हणाला की जीव आहे. मेंदूला हवा किती कमी पडली ते शुद्धीवर आल्यावर कळेल.

मारोतरावचा फोन लागत नव्हता. समीक्षाने पुन्हा पुन्हा लावला. दुपार उतरली.

"ताई," क्षितिज हलकेच म्हणाला, "तो अजून फाट्यावरच असेल."

"इतका वेळ? आपण तिथे नाही म्हटल्यावर तो इकडे आला असता."

"फाट्यावर भेटू म्हटलं ना तू. आपल्याकडे माणूस फाट्यावर थांब म्हटला की थांबतो. एसटी येईस्तोवर दिवस काढतात लोक तिथे."

दोघं फाट्यावर पोचले तेव्हा सूर्य कलला होता. मारोतराव पत्र्याच्या शेडमधे उभा होता. बाकडं रिकामं होतं, पण तो बसला नव्हता. छातीशी दुपट्ट्यात गुंडाळलेलं पुडकं दोन्ही हातांनी धरलं होतं. गाडी पाहताच तो पुढे आला, मागच्या काचेतून आत डोकावला, आणि सीट रिकामी पाहून थांबला.

मधुवंती उतरली. "पोचलो. मशीनवर आहे. श्वास मशीन देतंय. जीव आहे म्हणाले. पुढचं आज सांगता येत नाही."

त्याने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला.

"मी आल्तो," तो म्हणाला. "चायवाला म्हने, एक गाडी थांबली अन् आत्ताच गेली. मी म्हटलं दुसरी असन. आपली थांबन."

त्याने दुपट्टा सोडला. विमलताईंचं पुडकं होतं, त्यांच्याच दोऱ्याने बांधलेलं. बोरीकुंडने ते उघडलंही नव्हतं. नंतर कळलं की पुडकं पोचलं त्याच संध्याकाळी त्यांचा नवा साठा आला होता आणि हे परत करायचं म्हणून वेगळं ठेवलं होतं. तीसच्या तीस.

"एकबी फुटली नाही," मारोतराव म्हणाला. "वापस द्या लागतीन. उसनी आनली."

मोटरसायकल टपरीजवळ ठेवून तो गाडीत मागे बसला, दुपारी अक्षयचं डोकं होतं त्या जागी. मधुवंतीच्या मांडीवर पुडकं होतं. त्या क्षणी ती तीस इंजेक्शनं साखरडोहच्या पडद्यावर होती, बोरीकुंडच्या पडद्यावर होती, आणि या गाडीत होती जिथे कोणताच पडदा नव्हता.

शनिवारी ती हैदराबादला गेली. सपाट रेघेचा आलेख तिने काढून टाकला आणि त्या जागी उसनवारीची गोष्ट सांगितली, साखरेच्या वाटीसकट. हॉल आधी हसला, मग जोरात टाळ्या वाजल्या. मधल्या सुट्टीत लोक येऊन म्हणाले की सगळ्या दिवसात हेच भाषण खरं वाटलं. अक्षयबद्दल ती बोलली नाही. तो अजून मशीनवर होता, आणि शेवट ठाऊक नसलेली गोष्ट व्यासपीठावरून कशी सांगायची ते तिला येत नव्हतं. प्रश्नोत्तरांत एका मुलाने विचारलं, त्या दुसऱ्या केंद्रातला आकडा मग प्रत्यक्षात चूक निघाला का?

"नाही," ती म्हणाली. "बरोबर होता."

मुलगा खूश झाला. खाली बसताना शेजाऱ्याला म्हणाला, मग यंत्रणा चालली की.

यंत्रणेत तिने दोन बदल करायचे ठरवले. आकड्याखाली तारीख परत आणली. त्याला कोणी हरकत घेतली नाही. दुसरा बदल म्हणजे उसनं दिलेल्याचा वेगळा रकाना: दिल्याबरोबर देणाऱ्याकडून वजा होईल. ते विमलताईंना फोनवर सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, मग वरचे साहेब विचारतीन, तुमचा साठा कमी काहून? दुसऱ्याले दिलाच कायले? दोनदा बोलणी बसली की कोणी कोणाले देणार नाही, मॅडम. आता देऊन राह्यले तं चार जीव वाचून राह्यले. त्या रकान्याचं काय करायचं हे मधुवंतीला ठरवता आलं नाही. ते काम तसंच राहिलं.

अक्षय वाचला. दिवाळीच्या जरा आधी घरी आला. मधुवंती भाऊबीजेला यवतमाळला आली तेव्हा क्षितिजबरोबर त्याच्या गावी गेली. अंगणात वेचलेल्या कापसाचा ढीग होता. बोंडअळीने खाल्लेला, पिवळट. अक्षय बाजेवर बसून त्यातली कवडी, किडलेला कापूस, बाजूला काढत होता. म्हणजे चांगला आणि किडका दोन्ही एकाच टोपल्यात टाकत होता, आणि समीक्षा थोड्या थोड्या वेळाने येऊन ते निवडत होती. चहा झाला. मारोतराव खांबाला टेकून बसला होता. त्याने पुण्याच्या पावसाची चौकशी केली, क्षितिजच्या नोकरीची केली. रागाचा एकही शब्द बोलला नाही. निघायची वेळ झाली तेव्हा मधुवंतीनेच विषय काढला. त्या दिवशी फाट्यावर थांबण्याचा हिशेब तिने पुन्हा पुन्हा मांडून पाहिला होता, आणि दर वेळी तो निघणंच बरोबर होतं, याच जागी येऊन अडत होता. तिला ते सांगायचं होतं.

मारोतरावने हात वर करून तिला थांबवलं.

"तुमी तुमच्या जागी बरोबर असान. त्याचं काई नाई." त्याने खांबाला टेकलेली पाठ सरळ केली. "पन आता मले कोनी म्हटलं ना, की फाट्यावर भेटू, तं मी पह्यले विचारतो, किती वेळ थांबसान? आमच्या गावात असं कोनी विचारत नव्हतं. लोकाइले राग येते."

मधुवंतीच्या धंद्यात हा प्रश्न विचारणारा माणूस शहाणा समजला जातो.

बाजेवरून अक्षयने मान वर केली आणि पाहुण्यांकडे पाहिलं. "कोन आलं?" त्याने विचारलं.

"ताई आली, पुन्याची," समीक्षा टोपलं पुढ्यात ओढत म्हणाली. "सांगतलं ना मघाशी."